‘तुम्ही कोण?’ : महायुद्धोत्तर कथेतील आपला माणूस

(गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथे वर्षावासानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



आपण मला येथे बोलाविलेत याबद्दल पाहुण्याने मानावेत तसे आभार मानण्याचा अधिकार मला नाही. गोरेगाव हे माझ्या आईचे माहेर. या गावात मी आधी भाचा आहे आणि मग वक्ता. मघाशी दोघा वडीलधाऱ्यांनी माझे नाव न विचारता आईचे नाव घेऊन मला हाक मारली व शेजारी बसवून घेतले. तेव्हा माझ्या मनात आले की, आजच्या विषयाचा निम्मा भाग यांनीच बोलून टाकला. ‘तू कोण?’ हा प्रश्न न विचारता माणसास जेथे बसावयास जागा दिली जाते, ते त्याचे ठिकाण होय. असे ठिकाण आपल्या किती मुलांना किती शहरांत मिळते, याचाच विचार मला आज करावयाचा आहे.

कार्यकर्त्यांनी दिलेल्या विषयाचे नाव भारदस्त आहे : ‘महायुद्धानंतरच्या कथा-कादंबऱ्यांतील अस्मितेचा व आपलेपणाचा शोध’. नावास भिऊ नये. गोष्ट आपल्या घरातीलच आहे.

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले तेव्हा युरोपातील अनेक नगरे उद्ध्वस्त झाली होती आणि लक्षावधी माणसे घरादाराला मुकली होती. त्या काळच्या कादंबऱ्यांतून आपल्याच शहरात परका झालेला माणूस वारंवार भेटतो. आपल्याकडे १९४७ साली फाळणी झाली. सआदत हसन मंटो या उर्दू कथाकाराने ‘टोबा टेक सिंग’ या नावाची कथा लिहिली. दोन्ही देश वेड्यांच्या इस्पितळातील वेड्यांचीही वाटणी करावयास निघतात. त्यांतील एक शीख वेडा आपले गाव आता कोणत्या देशात आहे, एवढेच विचारीत राहतो. आणि शेवटी दोन सरहद्दींच्या मधल्या, कोणत्याच देशाच्या नसलेल्या जमिनीवर कोसळतो. ही कथा मी प्रथम वाचली तेव्हा मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. अशी मधली जमीन आमच्या प्रत्येक गावाला होती. गावकूस संपले आणि शिवार अजून लागले नाही, त्यामधली. त्या पट्टीवर आमच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या. १९३१ साली मुंबईस मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना मला मायभूमी नाही, या अर्थाचे जे सांगितले, ते याच पट्टीवरून सांगितले होते.

अमेरिकेत १९५२ साली राल्फ एलिसन या कृष्णवर्णीय लेखकाची गाजलेली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या नायकास नाव नाही. त्याचे गाऱ्हाणे असे की, गोऱ्या समाजास आपण दिसतच नाही. त्याला फक्त आपल्याविषयीची त्याची स्वतःची कल्पना दिसते. आपला प्रकार याच्या जवळचा, पण एका बाबतीत उलटा आहे. तिकडे कातडीचा रंग दुरून ओळखू येतो. आपल्याकडे चेहऱ्यावर काही लिहिलेले नसते. म्हणून विचारावे लागते. आडनाव काय, गाव कोणते, गावात घर कोणीकडे, देव कोणता. आपल्याकडे छळाचा आरंभ काठीने होत नाही, तो चौकशीने होतो, आणि ती चौकशी पुष्कळदा चहाचा पेला हाती देऊन गोड शब्दांत केली जाते.

आता मराठीकडे येतो. १९६३ हे साल आपण लक्षात ठेवावे. त्या एकाच वर्षी मराठीत दोन पुस्तके निघाली आणि दोन्हींत एकेक तरुण घर सोडून परगावी जातो. पहिले भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून पुण्यास शिकावयास जातो, तेथे त्याचे मन लागत नाही, परीक्षेत यश येत नाही, आणि तो गावी परततो. त्याचे गावाशी पटत नाही, वडिलांशी पटत नाही, बहिणीच्या मृत्यूने तो आतून मोडतो. त्याचे दुःख खोटे आहे असे मी म्हणणार नाही. ते खरे आहे आणि फार चांगले लिहिले गेले आहे. पण त्याच्या आडनावाकडे पाहा. सांगवीचा तो सांगवीकर. गाव त्याच्या नावातच बसलेले आहे. त्याने गावाचा कितीही कंटाळा केला तरी घर त्याचे आहे, शेत त्याचे आहे, आणि परत आल्यावर ‘तुम्ही कोण?’ असे त्यास कोणी विचारीत नाही. आपल्या मालकीच्या घरात आपले मन का रमत नाही, हा पांडुरंगाचा प्रश्न.

दुसरे पुस्तक बाबुराव बागूल यांचे, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. बागूल १९३० साली नाशिकजवळ विहितगाव येथे जन्मले आणि मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पात वाढले. या संग्रहातील ज्या कथेवरून पुस्तकास नाव पडले, ती कथा आपल्यापैकी प्रत्येक घरात एकदा तरी मोठ्याने वाचली जावी असे मला वाटते. तीतील तरुण रेल्वेत नोकरी लागून परप्रांतात जातो. तो शिकलेला आहे, कविता करतो, नव्या स्वातंत्र्यावर त्याचा जीव आहे. खोली शोधू लागताच त्याला जात विचारली जाते. तो मोठमोठी उत्तरे देतो, तेवढे एक देत नाही. ऐकणारे आपल्या सोयीचा अर्थ घेतात, त्यास खोली मिळते, मान मिळतो, त्याच्या कवितेची वाहवा होते. तेथेच काशिनाथ नावाचा आणखी एक तरुण आहे. तो जात लपवीत नाही, अपमान गिळीत नाही आणि जवळ चाकू बाळगतो. कथानायकाला त्याच्याविषयी आतून ओढ आहे. ती दाखविता मात्र येत नाही. अखेर लपविलेले उघडे पडते. काल ज्यांनी मान दिला तेच आज मारावयास धावतात, आणि काशिनाथ त्याला त्यांच्या तावडीतून सोडवितो. मार खाल्लेला तो तरुण त्या माणसांवर दात-ओठ खात नाही. ज्या हातांनी मारले त्यांच्या मागचा हात त्याला दिसतो, आणि तो मनूपर्यंत मागे जातो.

या कथेचे नाव नीट ऐकावे. ‘लपविली’ असे बागूल म्हणत नाहीत, ‘चोरली’ म्हणतात. आपलीच वस्तू आपण चोरली, असे जगात कोणी म्हणत नाही. पण मराठीत आपण अंग चोरतो. एस.टी.त शेजारच्याला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बसतो, शाळेत भिंतीला टेकून अंग चोरतो, पंक्तीत शेवटच्या पत्रावळीशी अंग चोरतो. आपल्या आजोबा-पणजोबांना जन्मभर अंग चोरावे लागले. बागुलांच्या नायकाने जात चोरली. आणि दोन्ही वेळा चोर म्हणून मार मात्र ज्याचे चोरले गेले त्यालाच बसला.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती मी आजवर कोणत्याही सभेत सांगितलेली नाही, परंतु आईच्या माहेरी ती लपविणे मला योग्य वाटत नाही.

१९८१ साली मी महाविद्यालयात शिकण्यासाठी एका शहरात राहिलो. शहराचे नाव घेत नाही. वसतिगृहात जागा नव्हती, म्हणून खोली पाहत फिरत होतो. तिसऱ्या की चौथ्या घरी घरमालकीण बाईंनी आडनाव विचारले. माझे आडनाव दोन-तीन समाजांत सापडणारे आहे. त्यांनी त्यांतील एक समाज स्वतःच मनाशी धरला आणि त्या हसल्या. मी काही बोललो नाही. खोटे बोललो नाही, असे मी पुढे पुष्कळ दिवस मनाला समजावीत राहिलो. ट्रंकेत बाबासाहेबांची तसबीर होती. ती भिंतीवर लावण्याऐवजी मी कपड्यांच्या तळाशी ठेवली. त्या खोलीत मी अकरा महिने राहिलो. बाई प्रेमळ होत्या, सणाला ताट आणून देत. ते ताट मी खात असे, आणि घास घशाखाली उतरताना प्रत्येक वेळी वाटे की, हे ताट माझ्यासाठी नाही; ज्या मुलाला त्यांनी खोली दिली आहे त्याच्यासाठी आहे, आणि तो मुलगा कोठे आहे हे मलाही ठाऊक नाही.

त्या वर्षी आई मला भेटावयास आली. कळविल्याप्रमाणे मी बसस्थानकावर गेलो. तिच्याजवळ फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या आणि ठेचा होता. तिला खोलीवर नेणे माझ्याने झाले नाही. तिची बोली, तिचा तो मोठ्याने ‘जयभीम’ घालण्याचा रिवाज; पाच मिनिटांत सारे उघडे पडले असते. मी तिला तेथेच बाकावर बसवून चहा पाजला, परीक्षेचे कारण सांगितले आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिले. तिने एका शब्दाने विचारले नाही. गाडी सुटताना खिडकीतून एवढेच म्हणाली, ‘खोलीला खिडकी हाय का रं?’ मी ‘आहे’ म्हटले. बागुलांचे पुस्तक मला त्यानंतर दोन वर्षांनी एका मित्राने वाचावयास दिले. ते वाचताना मी नायकाच्या जागी स्वतःला पाहिले असेल असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. काशिनाथाच्या जागी मला आई दिसली.

म्हणून, जे तरुण आज पुण्या-मुंबईत खोली मिळावी म्हणून गप्प राहतात, त्यांना मी दूषण देऊ शकत नाही. प्रत्येकाने काशिनाथ व्हावे हे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. घरभाडे द्यावयाचे असते तेव्हा ते सोपे नसते. आणि काशिनाथाचा चाकू हाही काही राहण्याचे ठिकाण नव्हे. चाकू जवळ असलेला माणूस उभा राहू शकतो. निवांत झोपू शकत नाही.

मग आपण धम्म स्वीकारला तेव्हा काय झाले? येथे बसलेल्या काही घरांनी गेल्या दोन-तीन वर्षांतच दीक्षा घेतली आहे, म्हणून हे विस्ताराने सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात अडीच हजारांहूनही कमी माणसे बौद्ध म्हणून नोंदली गेली होती. १९६१ साली ती संख्या सुमारे २७ लाख ९० हजार झाली. या आकड्याकडे मी कथेचा वाचक म्हणून पाहतो. सरकारी प्रगणकही दारात उभा राहून तोच प्रश्न विचारतो : तुम्ही कोण? पण त्या वर्षी आमच्या लाखो आयाबापांनी त्याचे उत्तर स्वतः निवडले, मोठ्याने सांगितले आणि लिहून घ्यावयास लावले. त्या उत्तराला किंमतही पडली. अनुसूचित जातींसाठी असलेल्या केंद्राच्या सवलती बौद्धांना कायद्याने मिळाल्या त्या १९९० साली. मधल्या काळात ‘बौद्ध’ लिहिणारा माणूस काही मिळविण्यासाठी लिहीत नव्हता. काहीतरी सोडून लिहीत होता.

परंतु प्रश्न विचारणारा स्वस्थ बसत नाही. ‘बौद्ध’ म्हटले की तो पुढचे विचारतो : ‘म्हणजे पूर्वीचे कोण?’ येथे आपली खरी परीक्षा आहे. नवे नाव आपण पांघरूण म्हणून घेतले असेल, तर या दुसऱ्या प्रश्नाशी आपण पुन्हा बागुलांच्या नायकासारखे गोल बोलू लागू. पूर्वाश्रमीचे महार असोत, मातंग असोत की आणखी कोणी, जुने नाव उच्चारताना ज्याची मान खाली जाते, त्याचे नवे नाव अजून अंगाला लागलेले नाही. आणि एक कडू गोष्ट बोलतो, रागावू नये. ‘पूर्वीचे कोण?’ हा प्रश्न आता आपल्याच विहारांत, आपल्याच सोयरिकींत विचारला जाऊ लागला आहे. नव्याने आलेल्या घराची मुलगी सून म्हणून पाहताना जुने बौद्ध म्हणवणारे लोक आवाज खाली करून तो विचारतात, हे मी पाहिले आहे.

काही लोक म्हणतात, जुन्या गावगाड्यात निदान प्रत्येकाला आपली जागा होती. ते खरेच आहे. शंकरराव खरात यांचे ‘बारा बलुतेदार’ हे पुस्तक १९५९ चे. ‘प्रबुद्ध भारत’चे संपादन त्यांनी काही काळ केले होते. त्यांनी रंगविलेला महार गावाच्या प्रत्येक कामात आहे; सांगावा तो नेतो, पाहऱ्याला तो आहे, मेलेले ढोर तो ओढतो. त्याला गावचा महार म्हणत. या ‘चा’ प्रत्ययात सारे आले. बैल पाटलाचा, विहीर गावची, आणि महारही गावचा. पांडुरंग सांगवीकराला मिळालेला ‘कर’ राहणाऱ्याचा आहे. आम्हांला मिळालेला ‘चा’ मालमत्तेचा होता. आमची जागा होती, पण ती वस्तूला असते तशी होती. बंधुमाधव यांनी एका कथेत बलुत्याच्या भाकरीवर जगलेला म्हातारा त्याच शिळ्या, शेणात पडलेल्या तुकड्यांनी मरतो असे दाखविले आहे, आणि मरताना तो ती भाकर पुन्हा कधी मागू नका, असेच नातवंडांना बजावतो. गावगाड्यातील आपलेपणाचा हिशेब त्या म्हाताऱ्याने आपल्यासाठी करून ठेवलेला आहे.

ते तोडले तर राहावयाचे कोठे? वामन होवाळ यांची एक कथा आहे. मुंबईच्या गोदीत जन्म काढलेला बयाजी निवृत्त होऊन गावी येतो आणि साठविलेल्या पैशांत माडी असलेले घर बांधावयास काढतो. पाटील समजावतो, धमकावतो : तुमच्या लोकांनी पायरी सोडू नये. बयाजी शहाणपणाने बाहेरून बैठे दिसेल आणि आत माडी असेल असे घर बांधतो. पाहा, पुन्हा अंग चोरणे आलेच. या वेळी घराने अंग चोरले. तरीही वास्तूच्या रात्री ते पेटविले जाते आणि बयाजी त्या आगीत भाजून मरतो. दुसऱ्या दिवशी त्याचे मुलगे त्याच जागेवर नव्या घराचा पाया खणावयास घेतात, आणि ते घर लपून बांधलेले असणार नाही.

मराठवाड्यातील माणसाला ही कथा कल्पित वाटणे कठीण आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगाव आमची घरे जळाली, माणसे मारली गेली. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होते; आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना ते दिवस सांगावे लागत नाहीत. प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. एका नावासाठी साडेपंधरा वर्षे. युरोपातील पंडित अस्मितेवर ग्रंथ लिहितात. एका पाटीवरील नावासाठी लोक पेटलेल्या घरातून बाहेर पडून पुन्हा तेच नाव घेतात, हे त्यांच्या ग्रंथांत मला तरी आढळले नाही.

बोलता बोलता एक चूक होत आहे, ती दुरुस्त करतो. मी घेतलेली नावे सारी पुरुष लेखकांची, आणि त्यांचे नायकही पुरुष. आमच्या बाया स्वतःला शोधावयास कोठे गेल्या? खोली शोधावयास त्या गेल्या नाहीत, बाजाराला गेल्या. उर्मिला पवार यांची ‘कवच’ नावाची कथा मिळाल्यास मिळवा. तीतील आई आंबे विकावयास जाते. गिऱ्हाईक तिच्याशी दुहेरी अर्थाचे बोलतात, आणि शाळेत शिकणाऱ्या तिच्या मुलाला त्याची लाज वाटून आईने बाजारात जाऊच नये असे त्याला वाटते. आई जाते. ती त्या पुरुषांना त्यांच्याच भाषेत असे परतवून लावते की, बाजारातील जागा तिचीच राहते. मुलाला वाटणारी लाज आणि बसस्थानकावर मला वाटलेली भीती या सख्ख्या बहिणी आहेत. आणि दोन्हीकडे आईला ते न सांगता कळलेले आहे.

आता कामाचे बोलतो. बागुलांचा कथासंग्रह आणि अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी अशी दोन पुस्तके मी विहारासाठी आणली आहेत. ‘फकिरा’ १९५९ सालची. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. आपल्यापैकी जी घरे पूर्वाश्रमीची मातंग आहेत त्यांच्या मुलांनी ती आधी वाचावी आणि इतरांना वाचून दाखवावी. पुस्तके कपाटात कुलूपबंद करू नयेत. फाटली तर मी दुसरी देईन. येत्या रविवारी वंदनेनंतर बागुलांची कथा वाचावयाची, असे मघाशी ठरले आहे. वाचणार आहे अकरावीतील मुलगी, आणि ऐकावयास म्हाताऱ्यांनी पुढे बसावे. वाचून झाल्यावर ज्यांना शहरात खोली मिळविताना काही आठवत असेल त्यांनी ते सांगावे. ज्यांना सांगावयाचे नसेल त्यांनी नुसते बसावे. मी सेनगावहून सकाळच्या गाडीने येईन.